चार नंबर खोली

निवडुंगाला थंडी लागते, हे मला
अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.
नर्सरीवाला म्हणाला, पाणी तोडा, गारठा द्या,
मग कळी धरेल.
गारठा कुठून आणू?
कोपरखैरण्यात जानेवारीतही पंखा तीनवर असतो.

सुगंधा म्हणाली, तुमच्याकडे आहे की,
पगाराबरोबर तेवढंच तर घेऊन येता घरी.

मग डब्याच्या पिशवीत, जुन्या पायमोज्यात गुंडाळून
नेला त्याला तुर्भ्याला,
कोल्ड स्टोरेजच्या चार नंबर खोलीत,
बेडगी मिरचीच्या गोण्यांमागे.
सहा अंश. काळोख.
जॅकेट चढवून रोज एकदा बघून यायचो.
आकसला होता, कडेने जांभळट,
पण मुळाशी घट्ट.

पिंगळे सुपरवायझरने एकदा टॉर्च मारला.
हा कुणाचा माल?
माझा, म्हटलं. पावती नाही.
हसला नाही तो.
गोणी मात्र त्यानेच सरकवली, होती तशी.

होळीच्या आधी परत आणला.
गच्चीत, टाकीच्या आडोशाला,
वर पत्र्याचा तुकडा, खाली विटेचा चुरा.
खाडीकडून ओला वारा येतो, त्याचीच धास्ती.
सकाळ-संध्याकाळ बुंध्याला बोट लावतो:
मऊ पडला का?

काल शेंड्याजवळ तीन ठिपके दिसले,
मोहरीएवढे.
सुगंधाला वर बोलावलं.
तिने पदर खोचला, वाकून पाहिलं,
काटेच असतील, म्हणाली,
आणि गुडघा धरत धरत
दोन मजले उतरली,
भिंग आणायला.