शोकेसमधली जोडी

पडताना माणूस आधी हात पुढे करतो.
कुणी शिकवत नाही, तरी करतो.
गेल्या माघात हत्तरगी टोलच्या अलीकडे
सर्व्हिस रोडवरच्या खडीनं मला हे दाखवलं
आणि डाव्या तळव्याची साल ठेवून घेतली.

सतरा दिवस मला कुणाच्या हातात शीर सापडली नाही.
शीर होती. माझं बोट नव्हतं.

मी रक्त गोळा करते.
यमकनमर्डी, पाच्छापूर, हुक्केरी,
भावाची जुनी गाडी, मागे कॅरियरला बर्फाचा डबा.
बेळगावात झाडं आहेत. घाट उतरला की
मे महिना खरा कळतो:
घामानं ॲक्सिलरेटरची मूठ मुठीत फिरते,
गाडी तिथंच.

आठशे रुपये. त्यावर एक पैसा नाही, असं ठरवून
फोर्ट रोडला ऑटो पार्ट्सच्या रांगेत शिरले.
गुरुपादप्पांनी पहिली जोडी काढली, आत मऊ फर.
मे महिन्यात फर?
"दिवाळीला कामाला येतंय की."

मग दीडशेचे, पाठीवर कवटी, तळव्याला फोम.
नख दाबलं, नख आरपार.
मग बावीसशेचे, जाड चामडं.
हात घातला न घातला तोच बटाट्यासारखा उकडला.
मग ते पांढरे कॉटनचे,
"बायका हेच नेतात, हात काळे पडत न्हाईत."

काळे पडू देत. सोलायचे नाहीत मला.

मी एकेक उलटा करून शिवण बघत बसले.
एकेरी दोरा, बाजूला.
मनगटाचा पट्टा आवळून बोटं धरून ओढलं;
सहज निघाला तो हातमोजा नाही, पिशवी.
तोंडाला लावून फुंकलं.
दुकानातली पोरं हसली.
हसू देत, वारा कुठून बाहेर पडतो ते मला बघायचं होतं.

बायकांचा साइज नव्हताच.
होता तो शोकेसमध्ये, काचेमागं, दोन उन्हाळे,
कुणी मागितला नाही म्हणून राहिलेला:
पाठीवर जाळी, तळव्याला बकऱ्याचं पातळ कातडं,
तळव्याच्या टाचेवर टणक चकती,
खडी आधी लागते नेमकी तिथं.
शिवण दुहेरी.
फक्त डावा उन्हानं उडालेला, राखेच्या रंगाचा,
उजवा अजून काळाभोर.

दरासाठी आम्ही दोघं कानडीत गेलो.
"आगंगिल्ल, अक्का." अकराशे.
"कोडरी, सावकार." आठशे.
मध्येच त्यांनी माझा तळवा बघितला,
नवी कातडी, गुलाबी, अजून रेषा न उमटलेली,
आणि मराठीत परत आले.
"साडेआठशे. पन्नास उद्या द्या."
मग बाही वर सरकवली.
"न्हाईतर पन्नासात शुगर बघा. डॉक्टर कधीचा सांगतोय."

लॅबचा आमचा स्टाफ रेट पन्नासच.

सकाळी सव्वासहा. शटर अर्धं वर.
गुरुपादप्पा स्टुलावर, उपाशी, चहावाल्याकडं पाठ करून.
मी हातमोजे काढून मिररला अडकवले,
पट्टा बांधला, डाव्या बोटानं चाचपलं.
शीर खोल होती. बोटाखाली हलली.
होती तिथंच होती.

आता नऊ वाजलेत, ऊन वर आलंय,
पुढं उसाचा ट्रॅक्टर रस्ताभर.
बोटांच्या मधून वारा येतो, मनगटापाशी बाहेर पडतो.
क्लचवर राखी हात, ब्रेकवर काळा.
समोरून येणारा माणूस बघत असेल,
हिला जोडीची जोडी मिळाली नाही की काय.

मागे डब्यात, बर्फात,
हुक्केरीच्या नळ्यांची वाट बघत, एकच नळी आहे.
आकडा काय येईल कुणास ठाऊक.
कानडीत सांगायचा की मराठीत,
तेही अजून ठरवलेलं नाही.