चादरीमांगं

भितीचे पोपडे दिसतात म्हने फोनात,
म्हनून मोनालीनं मले चादर धरून उभं केलं.
पांढरी, अहेरातली,
हिंगनघाटून इस्त्री करून आनलेली.
"माय, हालू नको. नव्वद सेकंद फक्त."

लहान्यानं फोन पायलीवर टेकवला.
पहिल्या बारीले बकरी बोल्ली.
दुसऱ्या बारीले कचरागाडीचं गानं आलं.
चौथ्या बारीले थे "मले" म्हनली अन् थांबली.
"मला, मला, मला,"
कुकरच्या शिट्या मोजाव्या तसं घोकलं तिनं.

मी मांगं. हात वर.
चादरीतून तिची साउली तेवढी दिसे.
नाव सांगतलं, बापाचं सांगतलं,
गाव नाई सांगतलं, जिल्हा सांगतला.
मंग विंग्रजी सुरू झालं.
त्यातलं मले एकच समजलं, कॉन्फिडन्स.
बचत गटातली मॅडम म्हनत रायते.
खांदे भरून आले माहे.
बँकेतल्या बाईवानी आवाज,
अन् पोरगी माहीच,
एका कपड्याच्या पल्याड.

आठव्या बारीले जमलं. धाडून देल्लं.

रातच्याले लहान्यानं दाखोलं:
मोनाली हासून रायली, मान ताठ,
अन् वर, चादरीच्या काठावर,
चार बोटं. पिवयेजर्द.
सकायपासून हयद उकडत होती मी.

मी कोनाले काई बोल्ली नाई.
तिकडं साहेबानं इचारलंच, हे कोन,
त थे "माझी आई" म्हनंन
का "माही माय"?

हयद दोन-तीन दिवस निंगत नाई,
कितीबी घासा.