मालकीचा रकाना

टाकळी हाजीच्या खाली कुकडीनं
कातळ इतका खोल कोरलाय
की काठावरून मेंढरं दिसत नाहीत,
ऐकू येते फक्त एका एडक्याची घंटा.

मी शिरूरहून आलेय, एप्रिलात,
फीत, वही आणि छापील तक्ता घेऊन.
स्रोताचे नाव. खोली. मालकी.

झिंगूबाई मासाळ पुढे चालते अनवाणी,
आधी काठी, मग पाय.
माझ्या बुटांचे तळ मऊ पडू लागलेत.
"ह्यो तिघींचा," ती म्हणते,
"तीन बायका वाकल्या की तोंड भरलं.
आन् ह्यो मुका. खडा टाक, आवाज न्हाई यायचा."
मी टाकते.
खरंच येत नाही.

फीत सोडते: चार मीटर वीस.
रांजणाचं पोट, निमुळतं तोंड,
तळाला शेवाळी पाणी, त्यात मेलेली चिमणी.
पहिल्या डब्यात ती चिमणीच वर काढते,
बोटं पदराला पुसते,
आणि शेंदायला लागते.
आधी व्यालेल्या, मग कोकरं, मग एडके,
मग कुत्रं.
मग आम्ही दोघी.

साठ मेंढरं. मी डबे मोजते.
एकशे अकराव्याला ती दोर गुंडाळते.
अजून आहे की खाली, मी म्हणते.
"मागनं टकल्यांचा वाडा येतोय,"
आणि मुक्याच्या तोंडावर
बाभळीची फांदी ओढते, काटे वर करून.

मालकीला तक्त्यात तीन पर्याय:
शासकीय, खाजगी, ग्रामपंचायत.
मी पेन्सिलीनं लिहिते, मागून येणारे.
मग खोडते. साहेब विचारतील, कोण मागून?

पुढच्या मंगळवारी धरणातून
उसासाठी आवर्तन सुटलं.
मी पुलावर होते.
तिघींचा गेला, मुका गेला,
बाभळीची फांदी गोल फिरत गेली.
दोन्ही काठांवर मोटारी सुरू झाल्या,
चौदापर्यंत मोजल्या, मग सोडून दिलं.
पलीकडे झिंगूबाई कळप मागे रेटत होती,
शिव्या देत. मेंढरांना की पाण्याला,
मोटारींच्या आवाजात कळलं नाही.

त्या दिवशीची नोंद: पाणी उपलब्ध.
खोलीच्या रकान्यात एक आडवी रेघ.
फितीला मात्र अजून
मुक्याच्या शेवाळाचा वास येतो.