आधी भरायचं बूच

येमूलांची पद्मिनी पुन्हा माझ्या खड्ड्यावर उभी आहे.
फिकट निळी. मागच्या काचेवर
बंद पडलेल्या चादर कारखान्याचा अर्धा स्टिकर.
एप्रिल. अक्कलकोट रोड.
पत्र्याखाली पाने एवढे तापलेत
की फडक्याशिवाय धरवत नाहीत.

लावण्या म्हणाली, गिअर कुरकुरतोय काका,
बाबा गेल्यापासून कुणी हातच लावला नाही.
नळदुर्गला न्यायचीय, तेल तेवढं बदलून द्या.

दस्तगीर उस्ताद सांगायचे,
रिकामं करायच्या आधी भरायचं बूच उघडून बघ.
खालचं सुटलं, तेल सगळं वाहून गेलं
आणि वरचं हललंच नाही,
तर गाडी काय डोक्यावर घेऊन जाणार का बे गिऱ्हाईक?

म्हणून टॉर्च आधी वरच्या बुचावर मारला.
आणि ओळखलं.
सगळे कोपरे गेलेले,
सोललेल्या शेंगदाण्यासारखं गुळगुळीत,
डाव्या अंगाला छिन्नीचे तीन घाव,
तिसरा तिरका.
तो तिरका माझा.

सत्त्याण्णवचा मे. मी सोळा वर्षांचा.
उस्ताद नमाजाला गेलेले.
हाताला लागला तो पाना उचलला,
अँबेसेडरचा, इंची.
जवळजवळ बसला.
अजिबात न बसणारा पाना परवडतो.
जोर लावला, सटकला, बोटं सोलली.
मग छिन्नी.
मग पुन्हा छिन्नी.
मग अजानीनंतरची चपलांची चाहूल
आणि घाबऱ्या हाताचा तिसरा.
वर ग्रीस थापलं.
कच्च्या बिलावर माझ्याच अक्षरात लिहिलं:
गिअर तेल पाहिले, ठीक.
येमूलांनी पाच रुपये वर दिले,
उसाचा रस पी म्हणाले, उन्हाचं.
प्यायलो.

येमूल चादरीच्या नक्षीची पुठ्ठ्याची पत्ती ठोकायचे.
एक भोक चुकलं की मोराची मान तुटते, म्हणायचे,
आणि मग प्रत्येक चादरीत तुटलेलीच विणली जाते.
दर वेळी मला वाटायचं, हे मला उद्देशून आहे.
नसणार.
ते सगळ्यांनाच सांगायचे.

रात्रभर डिझेल सोडून ठेवलं.
सकाळी पक्कड धरली, घसरली.
कानस लावून दोन बाजू सपाट केल्या, त्याही गेल्या.
आता मला छिन्नी आठवत होती
आणि मी ती उचलत नव्हतो.
शेवटी बॅटरीची तार काढली,
भंगारातला एक मोठा नट बुचाच्या माथ्यावर बसवला
आणि त्याच्या पोटात वेल्डिंग भरलं.
लाल झालं. मग तपकिरी. मग नुसतं गरम.
फिरंना तर फिरवू नको बे, थांब की जरा.
थांबलो. एक चहा.
नव्या नटाला पाना लावला, बरोब्बर बसणारा,
आणि आधी केसभर आवळलं,
मग सोडलं.

टक्.

एवढंच. सव्वीस वर्षांनी एवढंच.

करंगळी आत घातली.
पहिलं पेर कोरडं, दुसरं कोरडं,
अगदी टोकाला वाकवल्यावर
काळा, जळक्या वासाचा एक ठिपका.

तेवढ्यात लाईट गेली.
पलीकडचे माग एकदम थांबले,
आणि त्या शांततेत खड्ड्याच्या काठावरून लावण्या म्हणाली,
कुणी केलं असेल हो असं?

दुसऱ्या एखाद्या गॅरेजचं नाव
जिभेवर आलं होतं, खोटं कशाला बोलू.

मी, म्हणालो. पोरगा होतो. लपवलं.

तिने बूच हातात घेतलं,
वरून माझा नट, खालून जुनाट आटे,
थोडा वेळ वजन केल्यासारखं धरलं.
मग विचारलं, तेल किती लागेल?

सव्वा लिटर, म्हणालो,
आणि डबा सरकवून
खालचं बूच सोडायला घेतलं.
ते एका हाताने सुटलं.