डाव्या हाताची शीर

व्हॅन नाइसमध्ये, टायरच्या दुकानाला लागून आमची लॅब.
सकाळी सातला शटर वर.
मी रक्त काढते.
आधी मिरजेत काढायचे, मिशनच्या दवाखान्यात.
तिथे लोक सुई बघून देवाचं नाव घेत,
इथे फोन बघतात.

दर चौदा दिवसांनी येतात त्या. तेही येतात.
शूटिंगच्या आधी कागद दाखवावा लागतो: निरोगी.
तपासणीचे पैसे ज्याचे त्याने भरायचे.
घाई असते सगळ्यांना,
टेकडीपलीकडे कुणाचा तरी बंगला
दिवसाच्या भाड्याने घेतलेला असतो,
पोहण्याच्या तलावासकट.

फॉर्मवर दोन रकाने आहेत,
खरं नाव, कामाचं नाव.
मी खऱ्याने हाक मारते.
मार्लीस, म्हटलं की ती जरा उशिरा वर बघायची,
शेजारच्या घरातल्या मुलीला कुणी बोलावल्यासारखी.

नेब्रास्काची. तेवीस वर्षांची.
उजव्या हाताची शीर लपते, डावा बरा.
बोटाने चाचपलं की श्वास धरते
आणि सुई आत जाताना हसते.
अगं, इथे कशाला हसतेस, म्हटलं एकदा,
दुखलं तर दुखलं म्हणावं.
म्हणाली, सवय लागलीय.

एकदा दंडावर निळे डाग होते,
चार एका बाजूला, एक पलीकडे.
मी कापूस दाबून धरला होता, म्हणून मोजले गेले.
कामावर, ती म्हणाली.
थांबा म्हणायचं नाही का गं?
म्हटलं ना.
ते काढून नाही टाकलं त्यांनी.
तो तुकडाच जास्त चालतो.

मी नळीवर लेबल लावलं. तिरकं बसलं.
सोलून पुन्हा लावलं.

मग ती यायची थांबली.
जाण्याआधी सांगून गेली, सोडतेय म्हणून,
आणि विचारलं, तुमच्या ओळखीचा कुणी वकील आहे का.
माझ्या ओळखीचा एकच वकील, तो घरांची खरेदीखतं करतो.
त्याला तिचा करार दाखवला.
त्याने चष्मा वर केला, खाली केला.
जगभर, कायमचं, असं लिहिलंय, म्हणाला.
कंपनी दोनदा विकली गेली होती,
आता तिचा पत्ता कुठल्याशा बेटावर होता
आणि तिथे फोन कुणी उचलत नव्हतं.

निरोगीचा कागद चौदा दिवसांत शिळा व्हायचा.
अठरा पूर्ण झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात
सही केलेला तो दुसरा कागद
अजून ताजा आहे.

गेल्या शनिवारी ओजस सुट्टीवर घरी आला होता.
टोमॅटोसाठी माती आणायला
रिसीडाच्या रोपवाटिकेत गेलो दोघं.
गल्ल्यावर मार्लीस.
केस आखूड, नखांत माती,
हिरव्या शर्टावर प्लास्टिकची पट्टी
आणि पट्टीवर खरं नाव.

कशा आहात, तिने विचारलं, हात कसा आहे तुमचा,
कारण एकदा मी तिला मनगट दुखतं म्हणाले होते.
मी मागे वळून म्हटलं, हा माझा मुलगा,
आणि बघितलं तर तो
मातीच्या पोत्यावरची किंमत वाचत होता.
कानापर्यंत लाल.
एकोणीस वर्षांचा मुलगा, एवढीशी किंमत,
वाचून संपेना.

तिनेही त्याला बघितलं.
तिला कळायला मला लागला त्याहून कमी वेळ लागला.
आणि ती हसली,
सुई आत जाताना हसायची तसंच.
सुटे पैसे मोजून माझ्या हातात ठेवले.

गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग त्याने खिडकीकडे बघत विचारलं,
तू कशी ओळखतेस तिला?
डाव्या हाताने, मी म्हटलं. तू?

शर्मन वेवर सिग्नल लाल होता.
तिचं नाव मार्लीस आहे, मी म्हटलं.
म्हण एकदा.
सिग्नल सुटला, मागचा हॉर्न वाजवायला लागला,
आणि मी ज्याला बोलायला शिकवलं
तो तोंड उघडून नुसता बसला होता.