फ्यूजच्या अलीकडे

मकरपुऱ्यात, शेड नंबर एकशे सतराच्या माळ्यावर
पागनीसबाई पॉवर सप्लाय तपासायच्या.
चष्मा कपाळावर, नाक जवळजवळ बोर्डाला टेकलेलं,
हातात चिमटा,
दुधातली माशी काढायला बसल्यासारखा.

मी नवा. दिवे लावायचं काम माझं.
लांब पाय धनाचा, आखूड ऋणाचा.
पाय आधीच छाटलेले असतील
तर बुडाची सपाट कड नखानं चाचपायची.
आणि रेझिस्टर विसरायचा नाही, बारा व्होल्टला वन-के.
"आवरणारं कोणी नसलं," बाई म्हणायच्या,
"की पोर एकदाच झळकतं नि जातं."

मला हिरवा आवडायचा. त्यांना लाल.
हिरव्याला माणसं भुलतात, म्हणे.

उत्तरायणाच्या आदल्या दिवशी
पादऱ्याहून एक भाई आले, स्कूटरला डबा बांधून.
"लाइट तो आवे छे, बेन.
पण कंई चालतुं नथी."

बाईंनी चार स्क्रू काढले,
झाकणात ओळीनं ठेवले.
आतला फ्यूज उडालेला,
काच कंदिलासारखी काजळलेली.
आणि त्याच्या अलीकडे माझा हिरवा दिवा,
ठणठणीत.

तिथूनच घेतली होती मी त्याची तार.
जवळ पडत होतं.
चार बोटं वायर वाचली होती.

मान खाली घालून उभा राहिलो.
बाई रागावल्या नाहीत.
"तो खोटं नाही बोलला रे," म्हणाल्या,
"तू उभं केलंस तिथवरचं सांगितलं त्यानं.
तिथवर आहेच की वीज."

मग डाग सोडवला, तार फ्यूजच्या पलीकडे नेली,
नवा फ्यूज बसवला, चालवून दाखवला.
बटण बंद केलं तरी दिवा लगेच विझेना,
हिरव्याचा पोपटी, पोपटीचा नुसता ठिपका.
माझा हात पुढे गेला तशी चिमट्यानं टकटक केलं टेबलावर.
"कपॅसिटरमध्ये आहे अजून.
जिरू दे."

रात्री दांडिया बाजारच्या खोलीवर
अक्काचा फोन, नंदुरबारहून.
"बरं चाललंय ना?"
"मस्त," मी म्हणालो,
तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आत.
गच्चीवर कोणीतरी फिरकी गुंडाळत होतं.
स्विचबोर्डावर लाल टिकली,
चार्जरवर निळी,
समोरच्या घरात टीव्हीची, बंद टीव्हीची.
बराच वेळ त्या मोजत पडलो.

सकाळी शेड बंद. आभाळभर पतंग,
"लपेट, लपेट" चा गलका.
मी जिन्यात बसून फोन लावला.
अक्का म्हणाली, "काय रे, इतक्या सकाळी?"
थोडा वेळ नुसता गलकाच गेला तिच्याकडे.
मग म्हणालो,
"अक्का, तीन महिन्यांचं भाडं थकलंय."