बॅच क्रमांक चार

विमल गोगावलेचा फोन आला. म्हणाली,
तू केमिस्ट ना गं, मला एक क्रीम करून दे,
वय उतरवणारं. नोटीस लागलीय.
कसली नोटीस?
लग्नाची. तीस दिवसांनी सही.
मग दोघी फोनवर नुसत्याच श्वास घेत राहिलो,
ती एकसष्टची, मी साठची.

बोहरी आळीत काउंटरवरच्या पोराने विचारलं,
काकू, रेटिनॉल देऊ? सगळे तेच नेतात.
म्हटलं, त्याला बारा आठवडे लागतात, माझ्याकडे चार आहेत,
आणि आधी तर नुसती सालपटंच निघतात.
नवरी सोलून न्यायची का कचेरीत?
नायसिनमाइड घेतलं, पँथेनॉल घेतलं,
हायलुरॉनिक पाच ग्रॅम, सोनाराच्या काट्यावर तोलावं तसं,
आणि घासाघीस केली ती मेणाच्या वीस रुपयांवर.

बिबवेवाडीतलं माझं स्वयंपाकघर. दुधाची दोन पातेली बाद केली,
एकात पाण्याची बाजू, दुसऱ्यात तेलाची.
दोन्ही सत्तर अंशांवर यायला हवीत, एकाच वेळी.
पहिल्यांदा तेल पोचलं, पाणी मागे राहिलं.
फुटलं सगळं. ताक झालं, लोणी नसलेलं.
दुसऱ्या बॅचला तुपाच्या जुन्या डब्याचा वास.
तिसरी इतकी सुंदर जमली
की प्रिझर्व्हेटिव्ह घालायचंच राहिलं;
नवव्या दिवशी झाकणाखाली राखाडी ठिपका.
चौतीस वर्षं पिंपरीत दुसऱ्यांच्या बॅचवर
लाल शाईने ‘नापास’ लिहिलं.
स्वतःच्या तीनांवर लिहिताना हात अडखळला नाही,
पेन मात्र दोनदा झटकावं लागलं.

चौथी.
पट्टीवर साडेपाच, पिकत्या लिंबाचा रंग.
दोन दिवस माझ्याच कोपराच्या खळगीत लावून पाहिली,
जिथे आम्लाचा जुना शिंतोडा आहे, त्याच्या शेजारी.
काही झालं नाही. शिंतोडाही आहे तिथेच.
डबीवर चिठ्ठी: तयार केल्याची तारीख, मुदत तीन महिने.
विमल चष्मा वर सरकवून वाचत म्हणाली,
आमचं वय उतरवणार, आणि हिचंच आयुष्य तीन महिने?
म्हटलं, म्हणून म्हणते, जपून ठेवू नकोस.

ही पॅकिंगला होती, सव्वीस वर्षं.
पुठ्ठ्याच्या खोक्यांनी आणि स्पिरिटने बोटं घासत गेली,
रेघा बुजल्या.
रेशनच्या दुकानात यंत्र म्हणायचं, पुन्हा प्रयत्न करा.
बँकेत हयातीचा दाखला देताना, पुन्हा प्रयत्न करा.
ही पदराला अंगठा पुसायची, फुंकर घालायची, पुन्हा टेकवायची,
मागच्या रांगेची माफी मागत.

कचेरीत भास्कर येनपुरे आधीच येऊन बसलेले,
पीएमटीचे निवृत्त कंडक्टर,
झेरॉक्स प्रती तिकिटांसारख्या अंगठा ओला करून मोजत.
मी विमलच्या चेहऱ्याकडे पाहिलं,
खिडकीच्या उजेडात, नमुना धरून पाहावा तसं.
काहीच फरक नाही. उलट पावडर जरा जास्तच.
लावलंस का गं?
एकदा लावलं. चिकट वाटलं.
मग डबी?
संपली की. हातांना लावते, रोज झोपताना.
हे म्हणाले होते, तुझे हात फार कोरडे.

तेवढ्यात कारकून म्हणाला, अंगठा.
तिने सवयीने पुसला, फुंकर घातली,
माझ्याकडे बघून डोळे मिटले
आणि टेकवला.
हिरवा दिवा. पहिल्याच खेपेला.
कारकुनाला त्यात काय, तो पुढचं पान उलटत होता.
ही मात्र अंगठा समोर धरून बघत राहिली,
आणि येनपुरे, काय झालं ते न कळताच,
तोही बघू लागले.

रात्री वही उघडली.
बॅच चार. सुरकुत्या: निरीक्षण उपलब्ध नाही.
चिकटपणा: तक्रार आहे, पुढच्या वेळी ग्लिसरीन कमी.
इतर:
इथे निळं पेन शोधायला उठावं लागलं.
अंगठा उमटला.